डॉ. अर्नेस्ट जस्ट : अंड्याचा पृष्ठभाग वाचणारा शिक्षक



या पानावर आपण थोर व्यक्तींची चरित्रे वाचत असतो. त्यांत संत असतात, समाजसुधारक असतात, देशासाठी लढलेले वीर असतात. शास्त्रज्ञ म्हटले की न्यूटन, आइन्स्टाइन, जगदीशचंद्र बोस, सी. व्ही. रामन ही नावे आपल्याला चटकन आठवतात. या वेळी ज्यांची ओळख करून द्यायची आहे, त्या डॉ. अर्नेस्ट एव्हरेट जस्ट यांना अमेरिकेत मोठा मान आहे. १९९६ साली तिथल्या सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. आपल्याकडे मात्र त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही. ते जीवशास्त्रज्ञ होते, हाडाचे शिक्षक होते आणि कृष्णवर्णीय होते. या तिन्ही गोष्टी लक्षात ठेवूनच त्यांचे आयुष्य वाचावे लागते.

आई हीच पहिली शाळा

अर्नेस्ट यांचा जन्म १४ ऑगस्ट १८८३ रोजी अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन या बंदराच्या शहरात झाला. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली होती. पण कायदा बदलला म्हणून माणसांची मने लगेच बदलत नाहीत, हे आपल्या देशातील लोकांना वेगळे सांगायला नको. काळ्या लोकांची वस्ती वेगळी, शाळा वेगळी आणि पुढे जाण्याच्या वाटाही ठरलेल्या.

अर्नेस्टचे वडील आणि आजोबा बंदरात धक्के बांधण्याचे काम करीत. अर्नेस्ट चार वर्षांचा असताना वडील वारले. आई मेरी मॅथ्यूज जस्ट शिक्षिका होती. शिक्षिकेच्या पगारात घर चालेना, म्हणून ती फॉस्फेटच्या खाणीतही कामाला जाई. आपण कापसाला जे सुपर फॉस्फेट खत घालतो, ते ज्या दगडापासून बनते त्याच दगडाच्या या खाणी. खाणीत राबणाऱ्या आपल्या लोकांना या बाईने एकत्र केले, जमीन घेऊन वस्ती वसवायला लावली आणि तिथे शाळा काढली. त्या वस्तीला लोकांनी तिचेच नाव दिले – मेरीव्हिल. विधवा बाई, पदरी लहान मुले, आणि तरी एक गाव उभे राहिले!

अर्नेस्ट आईच्याच शाळेत शिकू लागला. लहानपणी त्याला टायफॉइडचा जबर ताप आला. जीव वाचला, पण शिकलेले अक्षर विसरले गेले. वाचायला-लिहायला त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. आज एखादा मुलगा मागे पडला की आपण पालक लगेच म्हणतो, याच्या डोक्यात काही शिरत नाही. पुढे जगभरच्या शास्त्रज्ञांनी ज्याचे निबंध वाचले, तो मुलगा एकदा अक्षरओळखही विसरला होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तेराव्या वर्षी आईने त्याला ऑरेंजबर्ग येथे काळ्या मुलांना शिक्षक बनविणाऱ्या संस्थेत पाठवले. सोळा वर्षांचा झाल्यावर तो उत्तरेकडे, न्यू हॅम्पशायर राज्यातील किंबॉल युनियन अकॅडमी या शाळेत गेला. घर शेकडो मैल दूर. तिथे शिकत असतानाच आई वारली. आता मागे कोणी नव्हते. अर्नेस्टने चार वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांत पुरा केला आणि १९०३ मध्ये डार्टमथ कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. तिथे जीवशास्त्राच्या अभ्यासात अंड्यापासून जीव कसा घडतो हे त्याने वाचले आणि या विषयाने त्याला जे पकडले ते शेवटपर्यंत सोडले नाही. १९०७ मध्ये तो उच्च सन्मानासह पदवीधर झाला.

मास्तरांची नोकरी

इतके गुण मिळवूनही एका कृष्णवर्णीय पदवीधराला त्या काळी गोऱ्यांच्या विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळणे शक्य नव्हते. जस्ट वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात गेले. काळ्या मुलांना उच्च शिक्षण मिळावे म्हणून हे विद्यापीठ १८६७ मध्ये स्थापन झाले होते. तिथे त्यांनी प्रथम इंग्रजी शिकवले. विद्यार्थ्यांचे नाट्यमंडळ सुरू करण्यातही त्यांचा हात होता. नंतर त्यांच्याकडे प्राणिशास्त्र आले आणि १९१२ पासून ते त्या विभागाचे प्रमुख झाले. वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांनाही ते शिकवीत.

वर्षभर शिकवायचे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत संशोधन करायचे, असा त्यांचा नेम झाला. १९०९ च्या उन्हाळ्यापासून ते मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुड्स होल या समुद्रकाठच्या गावी जाऊ लागले. तेथे १८८८ मध्ये स्थापन झालेली सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा आहे. शिकागो विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक लिली तिथे संशोधन करीत. जस्ट त्यांचे साहाय्यक झाले, पुढे बरोबरीचे सहकारी झाले. सुमारे वीस उन्हाळे त्यांनी तिथे काढले. आपल्याकडे सुट्टी म्हणजे मामाचा गाव. या मास्तरांची सुट्टी म्हणजे सूक्ष्मदर्शक.

काम सोपे नव्हते. नेरीस नावाचा एक समुद्रकिडा ठरावीक काळोख्या रात्री पाण्याच्या पृष्ठभागावर अंडी घालायला येतो. जस्ट आणि लिली कंदील घेऊन रात्री धक्क्यावर बसत, उजेडाकडे येणारे किडे टिपत आणि तारीख, वेळ, चंद्राची कला लिहून ठेवीत. १९१३ मध्ये त्यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. या किड्यांचे थवे चंद्राच्या कलांप्रमाणे येतात, हे त्यातून नीट समजले. त्याच्या आदल्या वर्षी जस्ट यांनी आपला पहिला निबंध लिहिला होता. शुक्राणू अंड्यात ज्या जागी शिरतो, त्या जागेवरून अंड्याचे पहिले विभाजन कोणत्या रेषेत होणार हे ठरते, असे त्यांनी त्यात दाखवले.

१२ फेब्रुवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क शहरात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेने पहिले स्पिंगार्न पदक जस्ट यांना दिले. तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. त्याच वर्षी त्याच न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर एम.ए. होत होते. समाजाने ज्यांना दाराबाहेर ठेवायचे ठरवले होते असे दोन तरुण, दोन वेगवेगळ्या देशांचे, एकाच काळात विद्येच्या बळावर उभे राहत होते. १९१६ मध्ये जस्ट यांना शिकागो विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली.

काटेरी प्राण्याचे अंडे

आता जस्ट यांचे काम समजून घेऊ. त्यासाठी थोडे विज्ञान लागेल, पण आठवी-नववीच्या मुलांना ते अवघड नाही.

आपल्या आदिलाबादला समुद्र नाही. आपल्या पैनगंगेचे पाणी आधी वर्धेला मिळते, मग प्राणहितेतून गोदावरीत जाते आणि तेव्हा कुठे बंगालच्या उपसागराला भेटते. त्यामुळे सी अर्चिन हा प्राणी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नसेल. लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा गोल गोळा आणि त्याच्या सर्वांगावर काटे, अशी कल्पना करा. आपल्या जंगलातले साळिंदर बॉलसारखे गोल करून समुद्राच्या तळाशी ठेवावे तसा तो दिसतो. हिंदीत त्याला समुद्री साहीच म्हणतात. सँड डॉलर नावाचा चपट्या नाण्यासारखा प्राणी त्याचा नातेवाईक आहे.

हे प्राणी आपली अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. त्यांचे मीलन पाण्यातच होते. पुस्तकात आपण बेडकाचे बाह्य फलन शिकतो, तसेच हे. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, म्हणून मला निषेचन हा शब्द आधी सुचतो. मराठीत फलन म्हणतात, आणि आपली मुले तेलुगूच्या तासाला फलदीकरणम् म्हणतात. शब्द तीन, घटना एकच.

सी अर्चिनचे अंडे सुमारे एक दशांश मिलिमीटरचे, म्हणजे रांगोळीच्या बारीक कणाएवढे असते. ते बरेचसे पारदर्शक असल्यामुळे आत काय चालले आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. एका अंड्याभोवती असंख्य शुक्राणू जमतात. पण आत एकानेच जायला हवे. दोन गेले तर गुणसूत्रांचा हिशेब बिघडतो, अंड्याचे विभाजन वेडेवाकडे होते आणि जीव वाढत नाही. मग एक आत गेल्याबरोबर बाकीच्यांना अंडे कसे थांबवते? हा प्रश्न त्या काळच्या शास्त्रज्ञांपुढे होता.

शुक्राणू शिरल्यावर थोड्या वेळात अंड्याभोवती एक पारदर्शक आवरण फुगून वर उचलले जाते, हे आधीपासून माहीत होते. त्याला फलन-आवरण म्हणतात. हे आवरण म्हणजे बंद झालेले दार, असा समज होता. जस्ट यांनी सँड डॉलरची अंडी घेतली आणि आवरण उचलले जाण्याआधीच्या क्षणांकडे लक्ष दिले. १९१९ मध्ये त्यांनी लिहिले की, शुक्राणू जिथे चिकटतो त्या जागेपासून अंड्याच्या पृष्ठभागावर बदलाचा एक तरंग निघतो आणि पलीकडच्या टोकापर्यंत जातो. हा तरंग जिथून गेला तिथे दुसऱ्या शुक्राणूला प्रवेश मिळत नाही. आवरण त्यानंतर उचलले जाते. म्हणजे दार दिसायच्या आधीच कडी लागलेली असते.

ही गोष्ट काही सेकंदांत घडते. ती टिपायला डोळ्याला किती सवय असावी लागेल, याचा विचार करा.

काचेचा स्वच्छपणा

जस्ट यांची खरी ख्याती त्यांच्या हाताच्या शिस्तीची होती. अंडे हे जिवंत आहे, ते दुखावले तर खोटे उत्तर देते, असे त्यांचे मत होते. म्हणून काचेची भांडी पूर्ण स्वच्छ हवीत. प्राणी ताजे हवेत, गर्दी करून ठेवलेले नकोत. पाणी तापलेले नको. अंडी किती वेळ बाहेर आहेत याची नोंद हवी. प्रयोगापूर्वी ते थोडी अंडी फलित करून पाहत. जवळजवळ सगळ्या अंड्यांची आवरणे वेळेवर उचलली गेली तरच ती अंडी चांगली, नाहीतर फेकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणायची.

वुड्स होलमध्ये कोणाचा प्रयोग अडला की लोक जस्ट यांच्याकडे विचारायला येत. याच शिस्तीच्या जोरावर त्यांनी जॅक लोब यांच्यासारख्या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या निष्कर्षांवर उघड आक्षेप घेतले. मोठ्या माणसाशी मतभेद झाला तर पुरावा मांडायचा, गप्प बसायचे नाही, हा त्यांचा बाणा होता. त्याचा त्यांना त्रासही झाला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जस्ट यांचे प्रत्येक मत पुढे बरोबर ठरले असे नाही. पेशीच्या केंद्रकातील जनुकांना त्या काळचे शास्त्रज्ञ जेवढे महत्त्व देत होते, तेवढे द्यायला ते तयार नव्हते. या बाबतीत काळ त्यांच्या विरुद्ध गेला. पण पेशीचा पृष्ठभाग म्हणजे नुसते वेष्टण आहे असे बहुतेक लोक समजत असताना, तो जिवंत असतो, बाहेरचे ओळखतो आणि पेशीच्या जीवनात मोठा भाग घेतो, हे त्यांनी ठासून सांगितले. यात ते आपल्या काळाच्या पुढे होते.

अंड्यातील वीज

जस्ट यांनी विजेचे मोजमाप केले नव्हते. ते काम इतरांनी केले, आणि त्याची गोष्टही वुड्स होलपासूनच सुरू होते. केनेथ कोल या भौतिकशास्त्रज्ञाने तिथे सी अर्चिनच्या अंड्यांतून सौम्य प्रवाह सोडून त्यांचे विद्युत गुणधर्म मोजले आणि १९२८ मध्ये ते प्रसिद्ध केले. अंड्याचे पातळ पटल दोन्ही बाजूंना विद्युतभार धरून ठेवते, असे दिसले. आपल्या घरच्या पंख्यात कंडेन्सर असतो ना, जो बिघडला की पंखा फिरत नाही, त्याच्यासारखाच हा प्रकार. फलन झाल्यावर अंड्याची ही साठवणक्षमता वाढते, हेही पुढे आढळले. त्याचे कारण असे : अंड्याच्या पृष्ठभागाखाली सुमारे १५,००० सूक्ष्म पिशव्या असतात. फलनानंतर त्या बाहेरच्या पटलाला जुळून फुटतात. त्यांतील पदार्थामुळे फलन-आवरण उचलले जाते आणि कडक होते. पिशव्यांचे पटल मूळ पटलात मिसळल्यामुळे पृष्ठभाग वाढतो, आणि पृष्ठभाग वाढला की साठवणही वाढते.

पण ही पिशव्या फुटण्याची क्रिया अंडेभर पसरून आवरण पुरे व्हायला साधारण एक मिनिट लागते. तेवढ्या वेळात शेकडो शुक्राणू घुसू शकतील. मग तोपर्यंत राखण कोण करतो?

याचे उत्तर विजेत आहे. फलनापूर्वी अंड्याची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. पेन्सिल सेलचा दाब दीड व्होल्ट धरला, तर हा त्याच्या सुमारे विसाव्या भागाएवढा झाला. पहिला शुक्राणू जुळला की एक-दोन सेकंदांच्या आत समुद्राच्या खारट पाण्यातील सोडियमचे धनभारित आयन आत शिरतात आणि आतली बाजू ऋणाची धन होते, साधारण २० मिलिव्होल्टपर्यंत. ही स्थिती सुमारे एक मिनिट टिकते. लॉरिंडा जाफी या संशोधिकेने १९७६ मध्ये याचा अर्थ उलगडून दाखवला. त्यांनी अफलित अंड्यात सूक्ष्म इलेक्ट्रोडने प्रवाह सोडून ते कृत्रिमपणे धन ठेवले. शुक्राणू जवळ होते, तरी फलन झाले नाही. प्रवाह बदलून अंडे पुन्हा ऋण केले, तेव्हा फलन झाले. म्हणजे पहिली कडी विजेची, दुसरी भिंत आवरणाची.

आपले शेतकरी बंधू हे लगेच समजतील. पक्के कुंपण घालायला वेळ लागतो, म्हणून आधी बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकून जनावरे अडवतात. कुंपण झाले की फांद्या काढून घेतात. अंडेही तेच करते. आवरण तयार झाले की विजेचा दाब पुन्हा ऋणाकडे वळतो.

आणि हे फक्त दूरच्या समुद्रात घडते असे नाही. बेडकाच्या अंड्यातही असाच विजेचा पालट होतो. फरक इतकाच की तिथे सोडियम आत येण्याऐवजी क्लोराइडचे ऋण आयन बाहेर जातात. पहिल्या पावसानंतर आपल्या गावच्या डबक्यात रात्रभर बेडूक ओरडतात, तेव्हा त्या पाण्यात हेच घडत असते.

दिसणारे आवरण हा शेवटचा टप्पा आहे, अडवण्याचे काम त्याआधीच पृष्ठभागावर सुरू झालेले असते, हे जस्ट यांनी १९१९ मध्ये साध्या सूक्ष्मदर्शकातून ओळखले होते. जाफी यांच्या प्रयोगापर्यंत मध्ये ५७ वर्षे गेली.

बंद दारे

जस्ट यांनी सत्तरांहून अधिक शोधनिबंध लिहिले. इतके काम असलेल्या गोऱ्या शास्त्रज्ञाला मोठ्या विद्यापीठात सुसज्ज प्रयोगशाळा आणि संशोधक विद्यार्थी मिळाले असते. जस्ट यांना त्यांच्या कातडीच्या रंगामुळे ते मिळाले नाही. त्यांना मदत केलीच नाही असे नाही. ज्यूलियस रोझेनवाल्ड या दानशूर उद्योगपतीच्या पैशातून त्यांना १९२० पासून अनेक वर्षे संशोधनासाठी साहाय्य मिळाले. पण मदत वेगळी आणि हक्काची जागा वेगळी. प्रत्येक वेळी पुढच्या वर्षाच्या पैशासाठी अर्ज करायचा, ही स्थिती कायम राहिली.

जानेवारी १९२९ मध्ये ते इटलीतील नेपल्सच्या सागरी प्राणिशास्त्र केंद्रात गेले. तिथे त्यांना माणूस म्हणून आणि शास्त्रज्ञ म्हणून सहज वागणूक मिळाली. १९३० मध्ये बर्लिनच्या प्रसिद्ध कैसर विल्हेल्म जीवशास्त्र संस्थेने त्यांना बोलावले. त्या वर्षानंतर ते वुड्स होलला पुन्हा गेले नाहीत. पण १९३३ मध्ये जर्मनीत हिटलरची सत्ता आली. वंशावरून माणसाची किंमत ठरवणारे राज्य तिथेही आले, आणि जस्ट यांनी आपले काम फ्रान्समध्ये नेले.

१९३९ मध्ये त्यांची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. एक पेशीच्या पृष्ठभागाविषयी, त्यांच्या सगळ्या विचारांचे सार. दुसरे समुद्री प्राण्यांच्या अंड्यांवर प्रयोग कसे करावेत याविषयी. आपण आयुष्यभर जे शिकलो ते दुसऱ्याला उपयोगी पडावे म्हणून लिहून ठेवणे, यालाच आपण शिक्षक म्हणतो.

१९४० मध्ये जर्मन सैन्य फ्रान्समध्ये शिरले. जस्ट तेव्हा रॉस्कॉफ या किनाऱ्यावरील गावी सागरी केंद्रात काम करीत होते. त्यांना पकडून काही काळ छावणीत ठेवण्यात आले. सुटका झाल्यावर ते अमेरिकेला परतले आणि पुन्हा हॉवर्डमध्ये शिकवू लागले. पण शरीर आतून पोखरले गेले होते. २७ ऑक्टोबर १९४१ रोजी वॉशिंग्टन येथे स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५८. त्यांचे नाव बरीच वर्षे मागे पडले. १९८३ मध्ये केनेथ मॅनिंग यांनी त्यांचे सविस्तर चरित्र लिहिले, तेव्हा लोकांना या माणसाची नव्याने आठवण झाली.

आपण काय घ्यावे

पालकांनी या चरित्रातून आई मेरी घ्यावी. तिच्याकडे पैसा नव्हता, नवरा नव्हता, मुलगा आजारात अक्षर विसरला होता. तरी तिने त्याची शाळा बंद केली नाही. दिवाळीनंतर कापूस वेचणीला मजूर मिळत नाहीत, हे मला माहीत आहे. तरीही त्या दिवसांत मुलामुलींना शाळेतून काढून शेतात नेऊ नका, एवढी हात जोडून विनंती आहे.

विद्यार्थ्यांनी जस्ट यांची सवय घ्यावी. स्वच्छ भांडे, अचूक वेळ आणि जे दिसले तेच वहीत लिहिणे. याला खर्च येत नाही. येत्या पावसाळ्यात मोठ्या माणसाला बरोबर घेऊन डबक्याच्या काठावर जा. बेडकाची अंडी दिसली तर हात न लावता पाहा. कोणत्या दिवशी दिसली, किती दिवसांनी शेपटीचे पिल्लू निघाले, ते लिहून काढा. विज्ञानाच्या तासाला आपण त्या वह्या वाचू.

विश्वस्त मंडळींना एक निवेदन आहे. सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद राहिला तर तो कधीच फुटत नाही, आणि कधीच कोणाला काही दाखवतही नाही. तो टेबलावर यावा, प्रत्येक मुलाच्या डोळ्याला लागावा, फुटला तर दुरुस्त करावा, अशी माझी इच्छा आहे. आपल्या जिल्ह्यात मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी, कोलामी अशा कितीतरी भाषा बोलणाऱ्या घरांची मुले एकमेकांच्या शेजारी राहतात. प्रयोगाच्या टेबलाजवळ आधी कोण, मागे कोण, हे घराण्यावरून, आडनावावरून किंवा मुलगा-मुलगी पाहून ठरता कामा नये. हजेरीपटाच्या क्रमाने सर्वांची पाळी यावी.

अंड्याला एकालाच आत घ्यावे लागते, तो त्याच्या जगण्याचा नियम आहे. शाळेला असा कोणताही नियम नाही. जस्ट यांच्यासाठी जी दारे लावली गेली, ती माणसांनी लावलेली होती. त्या दारांमागे त्या काळचे कितीतरी शोध अडकून राहिले असतील. आपल्या शाळेचे दार कोणत्याही मुलासाठी बंद राहू नये, ही जबाबदारी आपल्या सर्वांची आहे.



– मुख्याध्यापक